घागरीची सवत

"ऐक," भागीरथी म्हणाली आणि माझ्या कानाशी एक वाळकी शेंग धरून तिनं हलवली. "काय वाजता?"

"काही नाही."

"आता ही ऐक." तिनं ओटीतून दुसरी शेंग काढली, दोन दिवसांपूर्वी थोरल्या बेटावरून आणलेली. ती हलवल्याबरोबर आतल्या बिया खुळखुळल्या. "ही घागरी. आणि ती तिची सवत. घागरी खावची, सवत खावची नाय. माझ्या आवशीन माका सांगलेला, तिच्या आवशीन तिका."

"पण दिसायला तर दोन्ही अगदी..."

"सवत ती! दिसाक सारखीच असतली. नायतर घोव फसतलो कसो?" असं म्हणून ती आपल्याच बोलण्यावर खदखदून हसली.

मला हसू आलं नाही. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन चढत होतं. त्या न वाजणाऱ्या शेंगेत माझी पाच वर्षं होती.

सांगते. गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशीची. मी सत्तावीस वर्षांची होते, सांगलीची, आणि डॉक्टर सबनीसांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्रात पीएच. डी. करत होते. मालवणी किनाऱ्यापासून दीड-दोन तास वल्हवत गेलं की तीन खडकाळ बेटं लागतात. कोळी लोक त्यांना थोरलं, मधलं आणि धाकटं म्हणतात. तिन्ही बेटांवर कमरेएवढी झुडपं वाढतात, वाटाण्या-पावट्याच्या घराण्यातली. पानांवर रुपेरी लव, पिवळी फुलं आणि फुगीर शेंगा. जगात दुसरीकडे कुठं ती नाहीत. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबानं ठरवलं होतं की या वेगवेगळ्या जाती आहेत. सबनीस सरांनी जुने सगळे नमुने मागवले, पाकळ्या, पुंकेसर, लव सगळं भिंगाखाली घातलं आणि छातीठोक लिहिलं की जात एकच. त्या निबंधानं सरांचं नाव झालं. माझा अख्खा प्रबंध त्याच पायावर उभा होता, आणि जानेवारीत माझी तोंडी परीक्षा होती. नोव्हेंबर चालू होता.

आता हे नमुने कसे करतात तेही सांगायला हवं. फांदी तोडायची, टिपकागदात घालायची, वर फळ्या ठेवून पट्ट्यांनी आवळायची. आठवड्यात सगळं चपटं. फुलं चपटी, पानं चपटी आणि शेंगाही चपट्या. चपटी शेंग कधी वाजत नाही. शंभर वर्षं मोठमोठ्या माणसांनी त्या झुडपाचं सगळं काही मोजलं, पण आमच्या शास्त्रात झाडाला कान लावायची पद्धतच नव्हती. ती भागीरथीच्या आईकडे होती.

भागीरथी आमच्या होडीवाल्याची, बाबी मेतरची थोरली बहीण. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा दर्यात बुडालेला, आवाज किनाऱ्यावरून होडीत ऐकू जाईल असा. आमच्या जेवणाखाणाचं बघायला आलेली. बाबी सरांना तिसऱ्या वर्षी बेटांवर नेत होता आणि सरांवर त्याची भलती भक्ती होती. "आमचे साहेब पुस्तकां लिवतत," हे तो ज्याला त्याला सांगायचा. एवढी चारच माणसं आम्ही, आणि धाकट्या बेटावर दोन दिवस अडकून पडलेलो. वारा सुटला होता. त्या बेटाला होडी लावायला एकच जागा, खडकातली एक अरुंद खाच. पुरी भरती असली तरच होडी तिच्यातून सुटते, आणि लाट मोठी असली तर तेव्हाही नाही.

भागीरथी आणि मी शेंगांची ओटी घेऊन तळावर आलो. सर ताडपत्रीखाली नमुने आवळत बसले होते. माझा डबा उघडा पडला होता आणि त्यातल्या उरलेल्या दशम्यांवर हिरवी बुरशी धरली होती. सरांनी तो बघितला होता.

"कुमुद, तू काल रात्री काय खाल्लंस?"

"शेंगदाणे होते, सर."

"छान! म्हणजे इथं आम्ही कालवं चापतोय आणि मुलगी उपाशी. भागीरथीबाई, आज हिच्यासाठी घागरीची उसळ करा बघू. परवा केली होती ना थोरल्या बेटावर, तशी. काय चव होती! हिनं खाल्लीच नाही, डबा घेऊन बसली होती."

"साहेब, हय घागरी नाय," भागीरथी म्हणाली. "ही सवत. ही खायत नाय."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. ते चिडले नाहीत. सर कधीच चिडत नसत, त्यांना मजा वाटायची, आणि माणूस त्यानंच जास्त गार व्हायचा. "सवत? असं कोण म्हणतं?"

"आमची सगळी बायलमाणसा म्हणतत. ही वाजणा नाय."

"अहो बाई, ही दमट बाजू. बेटाच्या या अंगाला खारा वारा येतो, शेंग पुरती वाळत नाही म्हणून वाजत नाही. झाड तेच."

"भागी, गप बस गो," बाबी मध्ये पडला. तो बिचारा शरमला होता. "साहेबांका शिकयतंस काय तू? ते ह्याच झाडाचा पुस्तक लिवतत!"

"शिकयणंय नाय रे. आवशीन सांगलेला ता सांगतंय."

"थांबा, थांबा," सर म्हणाले. "भांडू नका. आपण शास्त्राला विचारू. कुमुद, पाच वर्षं या झाडावर काढलीयेस तू. सांग यांना, थोरल्या बेटावरच्या आणि या झुडपात काय फरक आहे?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी भिंग काढलं. एक फूल उकललं, पुंकेसर मोजले, देठावरची लव पाहिली. हे सगळं नुसतं नाटक होतं असं नाही. मला मनापासून वाटत होतं की काहीतरी सापडावं, एखादा केस, एखादा ठिपका, म्हणजे मी त्याच्यावर बोट ठेवीन आणि सर म्हणतील, अरे वा. शेंगेच्या खुळखुळ्यावर बोट ठेवायची माझी छाती नव्हती. सर हसले असते. पुढं परीक्षकही हसले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे हसले नसते, आणि पाच वर्षांवर पाणी पडलं असतं.

"काही फरक नाही, सर," मी म्हणाले.

भागीरथी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नक्की मां गो बाय?"

"भिंगाखाली तर काहीच फरक दिसत नाही."

"बरा. तू बघलंस आणि सांगितलंस म्हणान मी चुलीर घालतंय. साहेबांनी सांगितला म्हणान नाय."

तिनं तीन दगडांच्या चुलीवर पातेलं चढवलं. घागरीच्या बियांना तीन पाणी लागतात. तिनं यांना सात दिली. प्रत्येक वेळी पातेलं उतरवायची, पाणी लांब नेऊन ओतायची, नवीन भरायची. आमच्याकडं गोडं पाणी बेताचंच होतं, बाबी कुरकुरला, पण तिनं ऐकलं नाही. मी पलीकडं बसून नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होते. सातव्या पाण्यानंतर तिनं कोकम घातलं, खोबरं घातलं, मिरची चुरडली. वास इतका चांगला सुटला की मी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

तिनं पहिली वाटी माझ्यासाठी भरली. "घे गो. तुझ्यासाठी केलंय."

"अय्या," मी म्हणाले, "भागीरथीबाई, माझी आज संकष्टी."

"संकष्टी?"

"हो ना. सकाळपासून सांगायचंच राहिलं बघा. शेंगदाणे आहेत माझ्याकडे अजून मूठभर, ते चालतात."

"अरेच्चा! सांगलीची माणसं, गणपती काही सुटायचा नाही," सर हसले. "आणा मग ती इकडं. आम्ही पापी माणसं, आम्हाला सगळे दिवस सारखे."

भागीरथीनं माझ्या हातापुढं धरलेली वाटी मागं घेतली. तिनं स्वतःही उसळ घेतली नाही, आवशीचा शब्द म्हणून पेज प्यायली. सरांनी वाटीभर घेतली, तीतली निम्मी खाऊन ठेवली, कारण त्यांना पित्ताचा त्रास होता. बाबीनं माझी वाटी खाल्ली, मग आपली, मग पातेलं पुसून घेतलं. "भागी, बघ, मेलंय काय मी?" असं म्हणत तो प्रत्येक घासाला बहिणीला चिडवत होता. मी शेंगदाणे चघळत होते. तेही शेंगांच्याच घराण्यातले, पण ते आपल्या ओळखीचे.

दीड वाजता बाबी म्हणाला, जीभ जड झाली. दोन वाजता तो होडीकडं जायला उठला आणि खाली बसला.

"काय झाला रे?" भागीरथीनं हाक मारली.

"पाय खंय आसत ता कळणा नाय," तो म्हणाला आणि हसला. मग त्यानं डोळे चोळले. "आणि तू दोन-दोन कित्याक दिसतंस?"

भागीरथी जागची उठली ती थेट समुद्राकडं धावली. कळशीभर खारं पाणी आणलं, भावाची मान मांडीवर घेतली आणि तोंडात ओतलं. तो ओकला. पुन्हा ओतलं. "ओक! सगळा ओक, मेल्या! गिळतंस कसलो?" ती ओरडत होती आणि रडत होती. पलीकडे सर ताडपत्रीचा खांब धरून वाकले होते. त्यांना न पाजताच उलट्या सुरू झाल्या होत्या. त्यांच्या पोटात कमी गेलं होतं, शुद्ध होती, पण उभं राहता येत नव्हतं.

"कुमुद," ते म्हणाले, "उसळ... त्या बिया..."

"बोलू नका, सर."

"ती बाई बरोबर होती."

बाबीचे ओठ निळसर दिसायला लागले. श्वास चालू होता पण मध्येच अडखळायचा, आणि अडखळला की आम्ही दोघी आमचाही श्वास धरून बसायचो. मी त्याचं डोकं धरलं होतं. मनात एकच घोकत होते, हा मरायला नको, देवा, हा मरायला नको.

"त्याला किनाऱ्यावर न्यायला हवं," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"आत्ता खंय? भरती अजून पुरी नाय. खाचेत गुडघाभर पाणी, होडी फुटतली." तिनं पदरानं तोंड पुसलं, आकाशाकडं बघितलं आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "आज षष्ठी. तिथीची पाऊणपट भरती, साची साडेचार. साडेचारांक भरती भरतली. तवसर ह्याका जागो ठेव. झोपाक देव नको."

माझे हात क्षणभर थांबले. तिचं लक्ष भावाकडं होतं. मी पुन्हा बाबीचे गाल थोपटायला लागले.

अडीच ते साडेचार. आयुष्यात तेवढे लांब दोन तास मी दुसरे पाहिले नाहीत. मी बाबीला काहीबाही विचारत राहिले. गावाचं नाव काय, मुलं किती, धाकटीचं नाव काय. तो आधी उत्तरं द्यायचा, मग नुसता हुंकार, मग तेही कमी होत गेलं. भागीरथी खाचेच्या तोंडाशी जाऊन पाणी बघायची, परत यायची, भावाच्या छातीवर हात ठेवायची, पुन्हा जायची. वारा किंचित पडला होता. लाटा पडल्या नव्हत्या.

"तुका वल्हवूक येता?" तिनं मला विचारलं.

"नाही."

"आज येतला."

चार वाजता आम्ही दोघींनी बाबीला ताडपत्रीत घालून ओढत नेलं. सर रांगत आले. त्यांनी नमुन्यांचा एकही गठ्ठा उचलला नाही, सगळे तसेच बेटावर टाकले, हे मी मुद्दाम सांगते. होडीच्या तळाला बाबी, त्याच्या उशाशी पाणी उपसायचं डबडं घेऊन सर, मध्ये वल्ही धरून मी, आणि मागं सुकाणूचं वल्हं घेऊन, लुगड्याचा काचा मारून भागीरथी उभी.

"मी 'मार' म्हटलंय की मारूचा," ती म्हणाली. "आदी नाय, मागसून नाय. आणि मागे वळान बघूचा नाय. काय?"

"हो."

पाणी खाचेत चढत होतं. खडकाचा एक काळा दात होता, तो बुडेपर्यंत थांबायचं होतं. एक लाट आली, होडी उचलली, खडकावर घासून खाली आणली. फळीतून कुठंतरी कर्र आवाज आला. दुसरी आली. तिसरी सगळ्यांत मोठी, पाणी आमच्या अंगावर फुटलं आणि बाबीच्या तोंडावरून गेलं. सर डबड्यानं उपसायला लागले.

"मार!"

मी मारलं. उजवं वल्हं पाण्यात, डावं हवेत गेलं, होडी तिरकी झाली. "दोनय! दोनय हात मार, रांडे!" असं भागीरथी माझ्या नावानं ओरडली. जन्मात मला कुणी अशी शिवी दिली नव्हती, आणि इतकी उपयोगीही. मी दोन्ही मारली. खडक माझ्या उजव्या कोपराला खरचटून मागं गेला. पुन्हा मारलं. पुढची लाट समोरून आली, होडीचं नाक वर चढलं, मला फक्त आकाश दिसलं, आणि मग आम्ही धाडकन पलीकडे उतरलो. खाच मागं पडली होती.

पुढचे अडीच तास वल्हवलं. हाताचे फोड फुटले, ते खाऱ्या पाण्यात झोंबले, पण रडायलाही वेळ नव्हता. किनाऱ्यावर दिवे लागता लागता पोचलो. रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसांनी बाबीला आणि सरांना उचललं, मासळीच्या ट्रकात घातलं आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी ओच्यातून शेंग काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट केली आणि सलाईन लावायला सांगितलं.

सकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वाचला.

बाबी वाचला, पण पुरता नाही. डाव्या पायातलं बळ परत आलं नाही आणि संध्याकाळ झाली की त्याला धूसर दिसायचं. दर्यावर तो पुन्हा गेला नाही, जाळी विणायला लागला. सर चार दिवसांत हिंडूफिरू लागले. कॉटवर बसून त्यांनी माझी वही मागितली. तीत लिहिलेलं होतं, धाकटं बेट, शेंग वाळल्यावर वाजत नाही, बिया आतल्या बाजूला डिंकासारख्या पदार्थानं चिकटलेल्या.

"हे कधी टिपलंस?" त्यांनी विचारलं.

"परत आल्यावर, सर. इथंच."

त्यांनी वही छातीशी धरली. "जिवावर बेतलं असताना टिपलंस. पंधरा वर्षं मी या झाडाकडं बघतोय, मला नाही दिसलं. कुमुद, चूक माझी होती, आणि ती मी जाहीर सांगणार."

आणि सांगितली. दोन वर्षांनी त्यांनी आपलाच निबंध खोडून काढला. धाकट्या बेटावरचं झुडूप वेगळी जात ठरलं, आणि त्या जातीच्या लॅटिन नावाला त्यांनी माझं नाव जोडलं. मोठा माणूस. माझा प्रबंधही त्यावरच मंजूर झाला. अजून विद्यार्थी येतात, म्हणतात, बाई, तुमच्या नावाचं झाड आहे ना? मी हो म्हणते. सरांना जाऊन वीस वर्षं झाली, भागीरथीलाही बरीच झाली. बाबीची धाकटी दरवर्षी कोकमं पाठवते.

आता दवाखान्याच्या ओट्यावरचं तेवढं राहिलंय. ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर 'वाचला' म्हणून आत गेले त्यानंतरची गोष्ट. भागीरथी आणि मी ओट्यावर बसलो होतो. तिनं पलीकडच्या चहावाल्याला दोन चहा सांगितले होते. रात्रभर दोघींचा डोळा लागला नव्हता. माझ्या हातांना तिनं स्वतः खोबरेल लावून चिंध्या बांधल्या होत्या.

"बाय," ती म्हणाली, "उपास सोडलंस?"

"हो. मघाशी बिस्किटं खाल्ली."

"संकष्टीचो?"

मी हातावरच्या चिंध्या नीट करायला लागले.

"काल षष्ठी होती गो. संकष्टी तिच्या दोन दिस आदी झाली." ती रागानं बोलत नव्हती, हळू बोलत होती. "माझो बापूस, घोव, भाव, सगळे तिथी बघान दर्यात जायत. तिथी चुकली तर होडी खडपार. तू भाकरी मोजतंस तशी मी तिथी मोजतंय. तू संकष्टी म्हटलंस आणि माका थयच कळला."

"मग... तेव्हा काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? म्हटलंय, हिका आमच्या हातचा नको. पयल्या दिसापासून तू तुझो डबोच खातंस. थोरल्या बेटावयली उसळ पण खाल्लंस नाय. ह्या आमका काय नवीन नाय. वायट वाटला, पण गप रवलंय." तिनं पदराचा शेव बोटाला गुंडाळला, सोडला. "पण रात्री मनात दुसराच इला. म्हटलंय, हातचा नको म्हणान नाय खाल्ल्यान, की हिका ठावक होता?"

आणि तिनं मान वळवून सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

"खरा सांग. हातचा नको होता, की ठावक होता?"

मला माहीत होतं. भागीरथीनं माझ्या कानाशी शेंग हलवली ती नऊ वाजता. मी सात वाजताच एकटी झुडपात गेले होते, दहा शेंगा हलवून बघितल्या होत्या, तीन फोडल्या होत्या, चिकटलेल्या बिया नखानं सोडवल्या होत्या आणि वहीत ते वाक्य लिहिलं होतं. हे वेगळं झाड आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. मी नऊ वाजता ते कळून न कळल्यासारखं केलं, दहा वाजता भिंग लावून फरक नाही म्हणाले, आणि बारा वाजता माझ्याचसाठी शिजवलेली वाटी समोर आली तेव्हा ती माझ्या तोंडात जाईना. माझ्या तोंडात जाईना, बाबीच्या गेली. तो खाताना मी मोजत होते, किती घास खातो ते.

आणि हातचं म्हणाल, तर आमच्या घरात विटाळचांडाळ कधी पाळलं नाही. आईनं पाळू दिलं नाही. मी डबा खात होते तो माशांचा वास मला सोसत नव्हता म्हणून, एवढंच.

दोन उत्तरं होती. एक खरं, ते दिलं असतं तर भागीरथीनं मला आयुष्यात तोंड दाखवू दिलं नसतं, आणि सरांना कळलं असतं, आणि सगळं संपलं असतं. दुसरं खोटं. ते ऐकायची तिला सवय होती.

"आमच्या घरी," मी खाली बघत म्हणाले, "तसं चालत नाही, भागीरथीबाई."

तिनं केवढा मोठा श्वास सोडला. तिला बरं वाटलं होतं. मी तिचा अपमान केला आणि तिच्या मनावरचं ओझं उतरलं.

"व्हय मां," ती म्हणाली. "माका तसाच वाटलेला. रात्री उगाच वायट मनात इला. तू मनार घेव नको हां. पोरगी तू, आवस-बापूस सांगतत तशीच वागतलंस."

चहावाला दोन ग्लास घेऊन आला. तिनं एक आपला घेतला आणि दुसरा, रात्रभर मला पाणी देत होती तसाच, माझ्याकडं द्यायला हात पुढं केला. मग तिचा हात तिथंच थांबला. तिनं तो मागं घेतला, लुगड्याला पुसला.

"हेंका तुझ्या हातान दी रे," ती चहावाल्याला म्हणाली आणि माझ्यापासून थोडी सरकून बसली.

मी त्याच्या हातून ग्लास घेतला आणि सगळा चहा प्यायले.